पावती हरवली? नवा अर्ज भरू नका, आधी नंबर काढा

सरकारी कार्यालयातली पावती हरवली की माणसं ठरलेल्या दोन गोष्टी करतात. आधी घर उलथंपालथं करतात, आणि तरी नाही सापडली तर दुसऱ्या दिवशी जाऊन नवा अर्ज भरून मोकळी होतात. घर शोधायला हरकत नाही. नवा अर्ज मात्र एवढ्यात भरू नका.

पहिला अर्ज तिथे चालूच असतो. तुमच्या खिशातला कागद गेला म्हणून कार्यालयातली नोंद जात नाही. त्यावर दुसरा अर्ज पडला की गुंता सुरू होतो. आधारची नवी नोंदणी दुसऱ्यांदा केलीत तर बोटांचे ठसे आणि बुबुळं पहिल्या नोंदणीशी जुळतात आणि दुसरी दुबार म्हणून नाकारली जाते. दाखल्याचे दोन अर्ज गेले तर टेबलावरचा माणूस त्यातला एक काढून टाकतो, आणि कोणता काढेल याचा नेम नसतो. कधीकधी सहीपर्यंत पोचलेलाच निकाली निघतो. शुल्क दोनदा गेलं ते वेगळंच.

मी महसूल खात्यात टपालाच्या टेबलावर बरीच वर्षं काढली. 'साहेब, पावती सापडत नाही' हे त्या खिडकीवरचं सगळ्यात नेहमीचं वाक्य. खालचं सगळं खिडकीच्या आतल्या बाजूने लिहिलं आहे. उदाहरणं महाराष्ट्रातली आहेत, आधार आणि पासपोर्टचं मात्र देशभर सारखंच.

हरवलं काय, ते आधी ठरवा

लोक तीन वेगळ्या कागदांना सरसकट पावतीच म्हणतात. टोकन म्हणजे रांगेतला नंबर, त्याचं आयुष्य त्या दिवसापुरतं. पोच म्हणजे तुमचा अर्ज कार्यालयाला मिळाल्याची खूण, आणि तिच्यात किमतीची गोष्ट एकच, तिच्यावरचा क्रमांक. तिसरी पैशाची पावती. तिच्यातही दोन जाती आहेत. शुल्काची पावती, म्हणजे जो पैसा परत मिळायचा नाही त्याची, आणि अनामत रकमेची, म्हणजे जो परत मागायचा आहे त्याची. मूळ कागदासाठी कार्यालय खरोखर अडून बसतं ते या शेवटच्या जातीत. बाकी सगळीकडे कागद गेला तरी चालतं, नंबर पाहिजे.

टोकन हरवलं तर लाजत बसू नका. नंबर आठवत असेल तर खिडकीवर तोंडी सांगा. आठवत नसेल तर ज्याने टोकन दिलं त्याच्याकडे जा. बहुतेक ठिकाणी टोकन तुमच्या अर्जाशी किंवा नावाशी जोडलेलं असतं आणि पडद्यावर दिसतं. रांगेच्या शेवटून पुन्हा नवं टोकन घेणं हा शेवटचा उपाय, पहिला नव्हे. दिवस उलटून गेला असेल तर त्या टोकनाचा विषय संपला.

हरवलेली नाही, पुसलेली पावती

हा प्रकार दिवसेंदिवस वाढत चालला आहे. पावती हातात आहे, पण तिच्यावर काही नाही. पाकिटातून काढून दाखवतात तर पांढराशुभ्र कागद, कडेला जेमतेम एक रेघ.

टोकनाच्या आणि छोट्या पावत्यांच्या मशीनमध्ये शाई नसते. कागदालाच रसायनाचा लेप असतो आणि मशीनचं गरम डोकं जिथे टेकतं तिथे तो काळा पडतो. ऊन, उष्णता, तेलकट बोटं, प्लॅस्टिकचं पाकीट, यातल्या कशानेही ती अक्षरं फिकी होतात. शिवाय काही शहाणी माणसं पावती टिकावी म्हणून लॅमिनेशनला देतात. लॅमिनेशन गरम रोलरमधून होतं, म्हणजे आख्खी पावती एका झटक्यात काळी. दुकानदारालाही ते कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

फिकी पडलेली पावती फेकू नका. मोबाईलने चांगल्या उजेडात, थोडं तिरपं धरून फोटो काढा आणि फोटोतला काळेपणा वाढवून बघा. पुष्कळदा नंबर वाचता येतो. दोन-तीन आकडे नाहीच लागले तरी उरलेले लिहून ठेवा. तारीख माहीत असेल तर अर्ध्या नंबरावरून नोंद सापडते. पावती पूर्ण काळी झाली असेल तर तिचा नाद सोडा आणि ती हरवली असंच धरून पुढे चला.

कार्यालयात जाण्याआधी घरबसल्या

पावतीपेक्षा तारीख जास्त कामाची. हे दहा वेळा सांगूनही लोकांना पटत नाही. 'मागच्या महिन्यात कधीतरी दिला' असं म्हटलंत तर कारकुनाला वहीची तीस पानं चाळावी लागतात, आणि तो ती चाळणार नाही. '१२ तारखेला दुपारी दिला' म्हटलंत तर एका पानाचं काम.

तारीख सापडायच्या जागा म्हणजे मोबाईलमधले मेसेज, बँकेच्या किंवा यूपीआयच्या व्यवहारांची यादी आणि फोटोंची गॅलरी. अर्जाला जोडायच्या कागदांचे फोटो तुम्ही आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी काढलेले असतात. मेसेजच्या शोधात 'ॲप्लिकेशन' आणि 'टोकन' हे शब्द इंग्रजीत टाकून बघा. व्हॉट्सॲपवर केंद्रचालकाशी बोलणं झालं असेल तर त्याने पाठवलेली पावतीची पीडीएफ तिथेच पडलेली असते. पैसे यूपीआयने गेले असतील तर त्या व्यवहाराचा १२ आकडी संदर्भ क्रमांक टिपून ठेवा, पुढे लागतो.

सेतू आणि महा ई-सेवा केंद्र

उत्पन्नाचा दाखला, जातीचा, रहिवासाचा, नॉन क्रिमिलेअर. सगळ्यात जास्त पावत्या हरवतात त्या इथल्या, आणि नेमक्या दहावी-बारावीच्या निकालानंतर, प्रवेशाची घाई असताना.

इथे एक गोष्ट समजून घ्या. तुम्ही स्वतःच्या नावाने 'आपले सरकार'च्या संकेतस्थळावर खातं उघडून अर्ज केला असेल तर पावती कधीच हरवत नाही. लॉगिन करा, अर्जांच्या यादीत ती आहे, पुन्हा छापा. पण केंद्रात जाऊन अर्ज केला असेल तर तो केंद्रचालकाच्या लॉगिनमधून गेलेला असतो. तुमच्या खात्यात तो दिसणार नाही, आणि तुम्ही घरी बसून 'अर्ज सापडत नाही' म्हणून घाबराल. तो केंद्रचालकाला दिसतो. त्याच्याकडे नाव आणि तारीख घेऊन जा, तो यादीतून पावती पुन्हा छापून देऊ शकतो.

गडबड होते ती मोबाईल नंबरात. गर्दीच्या दिवसांत काही केंद्रचालक अर्जदाराचा नंबर विचारत बसत नाहीत, स्वतःचाच टाकतात. मग दाखला मंजूर झाल्याचा, त्रुटी निघाल्याचा, सगळे मेसेज त्यांना जातात. तुमचा अर्ज त्रुटीत अडकून पडलेला असतो आणि तुम्ही पावती शोधत बसलेले असता. म्हणून पावती पुन्हा छापून घ्याल तेव्हा तिच्यावर नंबर कोणाचा आहे तेही बघा. अर्ज क्रमांक एकदा हातात आला की संकेतस्थळावर विभाग, सेवा आणि क्रमांक टाकून अर्ज कुठे आहे ते तुमचं तुम्हाला दिसतं.

केंद्र बंद पडलं किंवा चालक दाद देत नाही, असंही होतं. तेव्हा दुसऱ्या केंद्रात जाऊन उपयोग नाही, त्याला पहिल्याच्या लॉगिनमधलं दिसत नाही. थेट तहसील कार्यालयात, दाखल्यांचं काम बघणाऱ्या नायब तहसीलदारांच्या टेबलावर जा. अर्ज तिथपर्यंत आलेला असतो. आधार कार्ड, अर्जदाराचं पूर्ण नाव अर्जात लिहिलं तसंच, वडिलांचं किंवा पतीचं नाव, गाव आणि अंदाजे तारीख एवढं घेऊन गेलात तर शोधता येतं. नाव अर्जात लिहिलं तसंच, यावर माझा जोर आहे. घरी 'बंडू' आणि अर्जात 'ज्ञानेश्वर' असेल तर बंडू कुठल्याच संगणकात सापडत नाही.

फेरफार आणि मोजणी

सातबाऱ्यावर नाव लावायला तलाठ्याकडे (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) अर्ज दिला आणि पोच हरवली, तर पोचेच्या मागे लागण्याआधी महाभूमी या जमिनीच्या नोंदींच्या सरकारी संकेतस्थळावरची 'आपली चावडी' उघडा. जिल्हा, तालुका, गाव निवडलंत की त्या गावात चालू असलेल्या फेरफारांच्या नोटिसा दिसतात. फेरफार क्रमांक, प्रकार, तारीख, गट क्रमांक सगळं असतं. तुमचा गट त्यात दिसला म्हणजे नोंद धरली गेली, आणि यापुढे पोचेच्या ऐवजी फेरफार क्रमांकच बोलायचा. दिसला नाही तर अर्ज अजून कागदावरच आहे, नोंदीला आलेला नाही. तेव्हा मात्र खाली सांगितलेल्या टपालाच्या मार्गाने जा.

मोजणीचंही तसंच. भूमी अभिलेख कार्यालयात प्रत्येक प्रकरणाला मोजणी रजिस्टर नंबर पडतो, सगळे त्याला मो. र. नं. म्हणतात. मोजणीच्या तारखेची नोटीस तुम्हाला आणि लगतच्या खातेदारांना जाते आणि तिच्यावर तो असतो. शेजाऱ्याशी बोलणं चालू असेल तर त्याच्याकडची नोटीस बघून घ्या. (मोजणी लावली म्हणजे बोलणं बंद असण्याचीच शक्यता जास्त, ते मला माहीत आहे.)

आधारची चिठ्ठी

नोंदणी केली किंवा केंद्रात जाऊन पत्ता-मोबाईल बदलला की एक चिठ्ठी मिळते. तिच्यावर १४ आकडी नोंदणी क्रमांक असतो, ४-५-५ असा तिरप्या रेघांनी तोडलेला, आणि शेजारी तारीख व वेळ, तीही सेकंदापर्यंत. तिचेही १४ आकडे. दोन्ही मिळून २८. नुसता पहिला तुकडा लिहून ठेवणारे नंतर अडकतात, कारण वेळही हवी असते.

मोबाईल नंबर नोंदवलेला असेल तर आधारच्या संकेतस्थळावर हरवलेला नोंदणी क्रमांक परत मिळवण्याची सोय आहे. नाव, मोबाईल किंवा ईमेल टाका, ओटीपी येतो, क्रमांक कळतो. नाव अर्जात दिलं त्याच स्पेलिंगमध्ये टाका. मोबाईल नोंदवलेलाच नसेल तर १९४७ ला फोन करा. मराठी पर्याय आहे, आणि माणसाशी बोलणं झालं की तो नाव, जन्मतारीख, पिनकोड असे तपशील विचारून नोंद शोधतो. म्हाताऱ्या माणसांचं काम बहुतेक याच फोनवर होतं. अट एकच, नोंदणीच्या वेळी सांगितलेली जन्मतारीख त्यांना आठवली पाहिजे. पुष्कळांची ती '१ जानेवारी' असते, तीही एकदा सांगून बघा.

आरटीओ

आरटीओच्या बाबतीत लायसन्सचं एक संकेतस्थळ आणि गाडीचं दुसरं. लायसन्सच्या कामाला 'सारथी', गाडीच्या कागदांना 'वाहन'. पावती कशाची होती ते ठरवूनच शिरा. दोन्हींची सरमिसळ झाली की 'नोंद सापडली नाही' असं येतं आणि माणूस उगाच हादरतो.

सारथीवर अर्ज क्रमांक शोधायचा वेगळा पर्याय आहे. नाव, जन्मतारीख वगैरे टाकून क्रमांक काढा आणि तो टाकून शुल्काची पावती पुन्हा छापा. वाहनवरही पावती पुन्हा छापण्याची सोय आहे. गाडीचा नंबर आणि चासीचे शेवटचे पाच आकडे जवळ ठेवा, तिथे लागतात.

इथली खरी डोकेदुखी वेगळीच आहे. पैसे खात्यातून गेले आणि पावती निघालीच नाही, म्हणजे हरवायलाही नाही. अशा वेळी पुन्हा पैसे भरू नका. आधी अर्ज क्रमांक टाकून पेमेंटची स्थिती तपासण्याचा पर्याय वापरा. बँकेचा निरोप उशिरा पोचलेला असतो, आणि तपासणी केली की अडकलेला व्यवहार पुढे सरकून पावती निघते. दुसऱ्या दिवशीही तेच दिसलं तर बँकेचा संदर्भ क्रमांक घेऊन बँकेला विचारायचं.

एजंटामार्फत काम केलं असेल तर अर्जावर मोबाईल नंबर त्याचा असू शकतो. मग ओटीपी त्याला जातो आणि तुम्ही त्याच्या पायाशी.

पासपोर्ट

याची काळजीच करू नका. पासपोर्ट सेवा केंद्रात जाताना अर्जाच्या पावतीची छापील प्रत न्यायची सक्ती राहिलेली नाही. भेटीच्या वेळेचा मेसेज दाखवला तरी चालतो. मेसेजही पुसला असेल तर लॉगिन करून सादर केलेल्या अर्जांच्या यादीतून पावती पुन्हा काढा. केंद्रात काम झाल्यावर मिळणाऱ्या पोचेवर फाईल क्रमांक असतो. पोलीस पडताळणी कुठवर आली ते बघायला तो आणि जन्मतारीख पुरते, आणि तोही त्याच लॉगिनमध्ये आहे. लॉगिन सायबर कॅफेवाल्याने त्याच्या ईमेलने उघडलेलं असेल तर त्याला शोधा.

दुय्यम निबंधक कार्यालय

घराच्या कराराची पावती हरवली म्हणून लोकांची झोप उडते. पण दस्त हातात असेल तर त्याचं कोणतंही पान उलटा. वरच्या बाजूला चौकटीत शिक्का असतो: कार्यालयाची खूण, दस्त क्रमांक, पान क्रमांक, वर्ष. पुण्यात हवेलीच्या कार्यालयांना 'हवल', मुंबईत 'बबई', कुर्ल्याला 'करल', ठाण्याला 'टनन'. ही अक्षरं वाचून लोकांना छपाईची चूक वाटते, ती चूक नाही. कार्यालय, दस्त क्रमांक आणि वर्ष या तीन गोष्टी कळल्या की सूची क्रमांक २ (इंडेक्स टू, म्हणजे दस्ताच्या नोंदणीचा गोषवारा) काढता येते आणि प्रमाणित नक्कलही मिळते. मुद्रांक आणि नोंदणी शुल्क ग्रासवरून, म्हणजे सरकारी पैसे भरायच्या संकेतस्थळावरून, भरलं असेल तर त्या चलनाचा 'एमएच'ने सुरू होणारा क्रमांक दस्ताला जोडलेल्या पानांतच असतो.

दस्तच अजून कार्यालयातून घ्यायचा आहे आणि पावती गेली, असं असेल तर मात्र स्वतः जा, ओळखपत्र घेऊन. दुसऱ्याला पाठवू नका. मूळ दस्त पावतीशिवाय तिसऱ्याच्या हातात द्यायला कोणी धजावत नाही, आणि तसं असावंच.

साध्या कागदावरचा अर्ज, टपालात दिलेला

आता जिथे संगणक नाही, लॉगिन नाही, तिथलं. पेन्शनचं काम, तक्रार, अतिक्रमणाचा अर्ज, वारसाचा अर्ज. तुम्ही दोन प्रती नेल्या, टपाल टेबलावरच्या माणसाने एक ठेवून घेतली आणि दुसरीवर जांभळा शिक्का मारून 'आवक क्र.' पुढे निळ्या पेनाने काहीतरी लिहून दिलं. तो कागद हरवला.

आत काय होतं ते सांगतो. अर्ज आला की आवक बारनिशीत, म्हणजे आलेल्या टपालाच्या नोंदवहीत, एक ओळ पडते. त्या ओळीत अनुक्रमांक, तारीख, कोणाकडून, विषय आणि कोणत्या शाखेला दिला एवढं असतं. मग दिवसाचं टपाल साहेबांसमोर जातं, त्यावर शाखेचं नाव पडतं आणि कागद त्या टेबलावर पोचतो. त्या टेबलाच्या कारकुनाकडे स्वतःची कार्यविवरण नोंदवही असते, त्यात तो पुन्हा चढतो. म्हणजे तुमच्या एका कागदाच्या दोन जागी नोंदी आहेत. ई-ऑफिस असलेल्या कार्यालयांत हेच संगणकात होतं. बारनिशीत सापडला नाही म्हणून माघारी फिरू नका. टेबल माहीत असेल तर तिथे विचारा, आणि टेबलावर नसेल तर बारनिशीत. नोंद दोन्हीकडे नसेल तर अर्ज नुसता शिक्का मारून बाजूला राहिला, असंही होतं, आणि मग तुमच्याकडच्या झेरॉक्सला किंमत येते.

विचारायला सकाळी उघडल्या उघडल्या जाऊ नका, तेव्हा आदल्या दिवशीचं टपाल चढवणं चालू असतं. सरकारी वेळ पावणेदहा ते सव्वासहा. दुपारी जेवणं उरकल्यावर, तीनच्या पुढे गेलात तर माणूस वही उघडून बघण्याच्या मनःस्थितीत असतो. सोमवार टाळा, कारण शनिवार-रविवारच्या सुट्टीनंतर टपाल साठलेलं असतं.

आणि तोंडी विचारून भागलं नाही तर लेखी द्या. नमुना असा:

प्रति, मा. तहसीलदार, (तालुका, जिल्हा)

विषय : दि. (तारीख) रोजी सादर केलेल्या अर्जाची पोच गहाळ झाल्याने आवक क्रमांक व पोचेची दुय्यम प्रत मिळणेबाबत.

महोदय, मी (नाव, पत्ता) दि. (तारीख) रोजी आपल्या कार्यालयाच्या टपाल शाखेत (विषय) याबाबत अर्ज सादर केला आहे. सदर अर्जाची पोच माझ्याकडून गहाळ झाली आहे. अर्जाची झेरॉक्स प्रत सोबत जोडली आहे. तरी सदर अर्जाचा आवक क्रमांक, अर्ज कोणत्या शाखेकडे वर्ग झाला आहे व सद्यःस्थिती लेखी कळवावी, तसेच पोचेची दुय्यम प्रत मिळावी, ही विनंती.

एवढंच. 'मी गरीब आहे', 'मुलाचं वर्ष वाया जाईल', 'आपण मायबाप आहात' हे घालू नका. ते वाचण्यात विषय हरवतो. 'माझ्याकडून गहाळ झाली' हे शब्द मात्र ठेवा. कार्यालयाने दिलीच नाही असा सूर लागला की समोरचा आधी स्वतःचा बचाव करायला बसतो आणि तुमची ओळ शोधायचं राहून जातं. या पत्राचीही दुसरी प्रत न्या आणि तिच्यावर शिक्का घ्या. घेतल्याबरोबर, कार्यालयाच्या दारातच, फोटो काढा.

अनामत रकमेची मूळ पावती

टेंडरची अनामत, नळजोडाची, सभागृहाच्या भाड्याची, रस्ता खोदाईची. इथे कागद अडतो, कारण मूळ पावती परत घेऊनच रक्कम द्यायची असते. नाहीतर एकाच पावतीवर दोघे पैसे मागायला येतील अशी त्यांना भीती असते, आणि ती अगदीच निराधार नाही.

पहिली पायरी, रक्कम जमा असल्याचा पुरावा. बँकेचा उतारा, धनाकर्षाचा (डीडीचा) क्रमांक, चलनाची तुमची प्रत. दुसरी, लेखा शाखेकडे अर्ज, की अमुक तारखेला अमुक रक्कम जमा आहे, पावती गहाळ आहे, रोकडवहीतून खात्री करावी. त्यांच्या रोकडवहीत पावती क्रमांकासह ती ओळ असतेच. तिसरी पायरी हमीपत्र किंवा क्षतिपूर्ती बंधपत्र. मूळ पावती कोणी दुसऱ्याने आणून पैसे मागितले तर नुकसान मी भरून देईन, असा त्याचा मजकूर. तो कार्यालयाकडूनच मागून घ्या, बाहेरच्या टायपिंगवाल्याचा आणू नका. प्रत्येक लेखा शाखेची एक आवडती ओळ असते आणि ती नसली की परत पाठवतात. मुद्रांक किती रुपयांचा तेही तिथेच विचारून मग विकत घ्या.

पोलिसांकडे जायचं का, हा प्रश्न हमखास येतो. साध्या पोचेसाठी नाही. अनामतीच्या पावतीसाठी काही कार्यालयं गहाळ झाल्याची नोंद मागतात. ती पोलीस ठाण्यात किंवा पुष्कळ शहरांत पोलिसांच्या संकेतस्थळावर करता येते. 'एफआयआर आणा' असं कोणी म्हणालं तर त्याला बहुतेक गहाळ नोंदीचा दाखलाच म्हणायचा असतो. हरवणं म्हणजे गुन्हा नव्हे, चोरी झाली तरच एफआयआर.

'पावतीशिवाय काही करता येणार नाही' असं म्हणाले तर

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ च्या कलम ५ प्रमाणे अधिसूचित सेवेच्या, म्हणजे या कायद्याखाली सरकारने जाहीर केलेल्या सेवेच्या, प्रत्येक अर्जाची पोच द्यावी लागते, आणि तिच्यात तारीख, ठिकाण, अर्जाचा विशिष्ट क्रमांक आणि काम किती दिवसांत होणार ते असावं लागतं. म्हणजे तो क्रमांक कार्यालयाने तयार केलेला आहे आणि त्यांच्याकडे आहेच. उत्पन्नाच्या दाखल्याला १५ दिवस, तशाच जातीच्या दाखल्यालाही मुदती ठरलेल्या आहेत. मुदत उलटली तर ३० दिवसांत पहिलं अपील, त्यानंतर दुसरं, आणि शेवटी राज्य सेवा हक्क आयोग. कसूर सिद्ध झाली तर अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड आहे. हे खिडकीवर ओरडून सांगायचं नाही. अर्जाच्या शेवटी कलमाचा एक ओळीचा उल्लेख पुरतो, तो वाचून कागद हलतो हे मी आतून पाहिलं आहे.

अधिसूचित सेवा नसेल, म्हणजे तक्रार किंवा इतर पत्रव्यवहार असेल, तर माहितीचा अधिकार. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, दारिद्र्यरेषेखालील असाल तर तोही नको. राज्याच्या नियमाप्रमाणे अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत ठेवा. 'माझ्या अर्जाचं काय झालं?' असं विचारू नका, त्याला 'कार्यवाही चालू आहे' असं तीन शब्दांचं उत्तर येतं. विचारा: अमुक तारखेच्या आवक बारनिशीतील माझ्या अर्जाच्या नोंदीची, आणि संबंधित कार्यविवरण नोंदवहीतील नोंदीची छायाप्रत. उत्तराला ३० दिवस आहेत, छायाप्रतीला पानामागे २ रुपये. हाती आलेली ती छायाप्रत पोचेपेक्षा भारी असते, कारण अर्ज कोणत्या टेबलावर, किती दिवस पडला तेही तिच्यात दिसतं.

मागाहून मूळ पावती सापडली तर

साधी पोच सापडली तर दुय्यम प्रतीलाच टाचून ठेवा, दोन्हीवर नंबर एकच आहे ना ते तेवढं बघा. अनामतीची मूळ पावती सापडली, आणि तोवर हमीपत्रावर पैसे मिळाले असतील, तर ती घरात ठेवू नका. एक ओळीच्या पत्रासोबत लेखा शाखेत जमा करा आणि त्याची पोच घ्या.